घरगाडीची तुंबलेली मोरी

सांगलीला परतल्यापासून भेटेल तो विचारतो, "मग, वऱ्हाडात काय काय पाहिलंत?" मी सागाची रानं सांगते, फुललेले पळस सांगते, गावाबाहेर रचलेले कापसाचे पांढरे डोंगर सांगते. ऐकणारा मान डोलावतो आणि घरी जातो. पण खरं सांगायचं तर यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या दिवसांत माझा निम्मा जीव खिडकीबाहेर होता आणि निम्मा मोरीत. त्या मोरीबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी गाडी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. लष्कराच्या लिलावात निघालेली एक जुनी लॉरी यांच्या मित्राने मिळवून दिली आणि सुताराकडून तिच्या पाठीवर लाकडी खोली बांधून घेतली. पुढे चालवणाऱ्याची जागा, तिच्या पाठीमागे भिंत, त्या भिंतीत बसवलेलं देवघर. देवघरापासून मागपर्यंत लांबीला अंथरूण. दाराशी रॉकेलचा स्टोव्ह आणि त्याच्या शेजारी जस्ताचा पत्रा ठोकलेली हातभर मोरी. मोरीचा पाइप फळ्यांखालून मागे जायचा आणि मागच्या चाकांपलीकडे टांगलेल्या लोखंडी टाकीत पडायचा. टाकी ही यांची कल्पना. "दुसऱ्याच्या वाटेवर आपलं खरकटं पाणी सोडायचं नाही," असं यांचं म्हणणं. रोज सकाळी एखाद्या झाडाच्या बुंध्याशी आम्ही ती टाकी मोकळी करायचो.

हे म्हणजे माझे यजमान. शाळेत चित्रकला शिकवतात. गेल्या वर्षी छातीच्या दुखण्याने त्यांनी अंथरूण धरलं आणि डॉक्टरांनी दोनदा आमच्याकडे पाहून मान हलवली. बरे झाल्यावर कोरड्या हवेत काही महिने काढा म्हणाले. सांगलीला कृष्णाकाठची दमट हवा. म्हणून ही गाडी, आणि म्हणून वऱ्हाड.

ही झाली लोकांना सांगायची गोष्ट. माझी गोष्ट थोडी वेगळी आहे. आमच्या घरात तीन भाऊ, तीन सुना, मी मधली. स्वयंपाकघर थोरल्या जाऊबाईंचं. डाळ किती शिजवायची आणि फोडणीला मोहरी किती हे त्या ठरवणार, आम्ही ढवळणार. त्यात त्यांचा दुष्टावा नाही, घराची रीतच तशी. पण गाडी तयार झाली तेव्हा सासूबाईंनी आपल्या देवांतला बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि एक टाक माझ्या ओंजळीत ठेवला. सुनेला देव दिले म्हणजे तिची चूल वेगळी मानली. त्या सुताराने ठोकलेल्या खोलीत मी पहिलं दूध उतू घातलं आणि मला स्वतःचं घर मिळालं. ते चाकांवर होतं एवढंच.

आर्णीच्या अलीकडे

माहूरहून पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागतं. फाल्गुनाची सुरुवात होती. सागाची पानं गळलेली, त्यामुळे रान आरपार दिसायचं, आणि त्या राखाडी उभ्या रेघांत मधेच पळस पेटलेला. मी खिडकीशी कांदा चिरत बसायची आणि बाहेरून झाडं सरकत जायची. आपण बसलो आहोत आणि गाव चालून येतं आहे असं वाटायचं. दुपारी डोळा लागला आणि जाग आली, तर आपण कुठल्या जिल्ह्यात आहोत हे क्षणभर कळायचं नाही, आणि कळून घ्यावंसंही वाटायचं नाही. हे अगदी सावकाश चालवत. मागून येणारी बैलगाडी फार मागे पडायची नाही.

संध्याकाळी गाडी लावायचा आमचा एक विधी होता. देवांकडे पाय करून झोपायचं नाही, तेव्हा उशा देवांकडे, म्हणजे गाडीच्या नाकाकडे, आणि पाय मागे. आता दक्षिणेकडे पाय करूनही झोपायचं नाही, ती यमाची दिशा. म्हणजे गाडीची पाठ दक्षिणेला चालणार नाही. आमचा रस्ता तर उत्तरेला जाणारा. त्यामुळे रोज मुक्कामाला गाडी पूर्ण फिरवून तिचं नाक दक्षिणेला करावं लागे. आडवी लावावी तर रस्त्याकडेला तेवढी जागा नसे. मी खाली उतरून उभी राहायची आणि मावळता सूर्य गाडीच्या उजव्या कुशीला आला की "बास" म्हणायची. वाटेवरचे लोक थांबून बघायचे. यमाला चकवायला एवढी मोठी लॉरी फिरवणारी बाई त्यांनी पाहिली नसावी.

हसायचं तर हसा. यांच्या दुखण्यात एकदा घाईगर्दीत त्यांची खाट दक्षिणेकडे पाय करून लावली गेली होती. मी पाहिलं आणि एकटीने ओढून फिरवली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. ताप औषधाने उतरला हे मलाही कळतं. पण खाट मी फिरवली होती हेही खरं आहे, आणि त्या गोष्टीला पुन्हा हात लावून पाहायची माझी छाती नव्हती.

तर आर्णीच्या अलीकडे एका शेताच्या कडेला आम्ही असं नाक फिरवून थांबलो. शेतमालकिणीने हटकलं. कुठून आलात, कुठं चालले, गाडीत कायले राह्यता, असं सगळं विचारून झाल्यावर ती घरातून ज्वारीच्या भाकरी, आंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी घेऊन आली. आमच्याकडे भाजीत शेंगदाण्याचं कूट पडलं नाही तर माणूस उपाशी उठतो. इथे जवसावर सगळं. पहिला घास जरा परका लागला, तिसऱ्याला मी चटणी कशी करतात ते विचारत होते.

"जवस भाजाचे, मिरची टाकाची, कुटाचं. त्यात काय इचारता?" ती म्हणाली. "तुमच्याकडं जवस नाई होत? मंग खाता काय?"

जेवण झाल्यावर भांडी घासायला बसले, तर मोरीतलं पाणी जाईना. भाताची शितं वर तरंगत होती आणि एकाच जागी गोल फिरत होती. बांबूची काडी घातली, पाणी थोडं गेलं, पुन्हा थांबलं. मराठवाड्यात या मोरीने कधी तक्रार केली नव्हती. हे म्हणाले, "नदी ओलांडली की पाणी जड होतं म्हणतात." कोण म्हणतं ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या मुक्कामीही तेच. आता तर रस्ता यवतमाळच्या पठाराकडे चढत होता. सकाळी गाडी पुन्हा वळवायला घेतली की मोरीतलं उरलेलं पाणी हिंदकळायचं, कडेवरून सांडायचं आणि फळ्यांवरून थेट अंथरुणाखाली जायचं. मी पुसायची. फळ्या आतून ओल्याच राहायच्या. गादी उचलून पाहिली तर खालच्या बाजूला गार लागली. त्या दिवशी दुपारी गाडी चालवता चालवता हे खोकले. फार नाही, एकदाच. मी कांदा चिरायची थांबले.

यवतमाळ

यवतमाळला लोहारा गावाच्या वाटेवर रहीमभाई नावाच्या मिस्त्रींचं गॅरेज होतं. उंच, गोरे, डोळ्यांत सुरमा, कपड्यांवर तेलाचा एक डाग नाही. गाडीत चढण्याआधी त्यांनी चपला काढल्या. माझ्या घरात चपला काढून येणारा तो पहिला पाहुणा. मी त्यांना पाट दिला.

त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली आणि खाली जाऊन पाइप सोडवला. त्यातून भांडी घासायची राख निघाली, काथ्याचे धागे निघाले, एक चिंचोका निघाला, आणि दोन मुक्कामांपूर्वी हरवलेला माझा चमचा निघाला.

"बाई, ये देखो," ते चमचा पुसून देत म्हणाले. "पानी बिचारं जाईन तं कुठून जाईन? राखेनं घासू नका आता. साबन घ्या."

पाइप धुऊन पुन्हा बसवला, बादलीभर पाणी ओतलं, सरसर गेलं. दुसरी बादली, तीही गेली. "अब तुमची मोरी नदीसारखी वाहीन," ते म्हणाले, आणि आम्ही सगळे खूष झालो.

तिथेच आम्हाला कंत्राटदार भेटले. पांढरकवड्याच्या बाजूला त्यांचं सडकेचं काम चालू होतं आणि कामावर राहायला त्यांना असंच काहीतरी हवं होतं. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, फळ्यांवर बोटाने टकटक केलं.

"मास्तर, मले देऊन टाका ही गाडी," ते म्हणाले. "तंबूत राहून राहून माह्या पाठीचा कणा मोडून राह्यला. तुमी काय, रेल्वेनं बी फिरसान."

हे हसून नाही म्हणाले, मोरी नीट झाली होती ना.

त्या संध्याकाळी गावाबाहेर एका माळाच्या उतारावर आम्ही थांबलो. यवतमाळहून पांढरकवड्याचा रस्ता दक्षिणेकडेच उतरतो, त्यामुळे आता गाडी फिरवायचंही काम नव्हतं. नाक आपसूक दक्षिणेला. मी समाधानाने वरणभात केला, साबणाने ताटं धुतली, आणि पाणी मोरीत उभं राहिलं. मी त्याच्याकडे आणि ते माझ्याकडे पाहत राहिलो.

सकाळी आम्ही परत रहीमभाईंकडे. त्यांनी बादली ओतली, गेलं. मी स्वतः ओतली, गेलं. "जातंय की बाई," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं की आता ते माझी काळजी करताहेत, मोरीची नाही. दुखरी दाढ वैद्यापुढे दुखायची थांबते, तशी गत.

कंत्राटदार तिथेच चहा पीत होते. हे खोकले, आणि खोकला दाबायला त्यांनी तोंड फिरवलं, ते मला दिसलं. "पांढरकवड्यापर्यंत पाहतो," ते कंत्राटदारांना म्हणाले. "मोरी वाहिली तर गाडी आमची. नाही तर तुम्ही घ्या, आम्ही रेल्वेने घरी जातो. ओलीत झोपून पुन्हा अंथरूण धरण्यात अर्थ नाही."

माझं घर असं उभ्या उभ्या, चहाच्या बशीपाशी, पणाला लागलं. यांचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना. गादी ओली होती. खोकला मीही ऐकला होता. ज्या माणसासाठी हे घर मिळालं त्याच्याच छातीला ते बाधत असेल, तर मी कुठल्या तोंडाने म्हणू की ठेवा.

तांडा

पांढरकवड्याचा रस्ता रानातून जातो. दोन दिवस आम्ही त्या रानात रेंगाळलो. हे चित्रं काढत होते आणि मी कसलाच विचार न करायचा प्रयत्न करत होते. दुपारी वारा सुटला की जमिनीवरची सागाची पानं एकदम उठायची, थोडं चालून पुन्हा बसायची. एवढी मोठी पानं, वाजायचीही मोठ्याने. एका ओढ्यात मी पाय सोडून बसले होते तेव्हा पलीकडच्या काठावर मोहाखाली एक नीलगाय उभी होती. कितीतरी वेळ ती होती. मग नव्हती. मी मुक्कामी परतले तर यांनी त्याच झाडाचं चित्र काढलेलं, नीलगायीशिवाय. त्यांनी झाड दुसऱ्या बाजूने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात इंजिनाचं पाणी उकळलं. रस्त्याच्या डाव्या हाताला टेकाडावर वस्ती दिसत होती. यांनी गाडी त्या वाटेला वळवली आणि चढावर घातली. दोन्ही बाजूंना बोराट्यांचं कुंपण, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी, उलटी मागे वळत जाणारी वाट. वर पोचलो तो गोरमाटी, म्हणजे बंजारा लोकांचा तांडा होता. याच लोकांच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून सगळा मुलूख तुडवला. आता त्यांची शेती होती, कापूस होता. तांड्याचे नायक स्वतः पुढे आले, पाणी दिलं, बसायला खाट टाकली.

तेवढ्यात मागून कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांनी भरलेल्या दोन बैलगाड्या वर आल्या आणि आमच्या पाठीशीच त्यांचे बैल सुटले. वाट बंद. मी मावळतीकडे पाहिलं. सूर्य गाडीच्या डाव्या कुशीला होता. नाक उत्तरेला, पाठ दक्षिणेला.

"गाडी फिरवावी लागेल," मी नायकांना म्हटलं.

"आता कुठी फिरवता, बाई? सकायी फिरवू," नायक म्हणाले. "इथं काय भेव नाई तुमाले."

हे माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "अगं, एका रात्रीने काय होतंय?" आणि नायकांबरोबर खाटेवर गप्पा मारायला गेले. मी गाडीत आले. बाहेर अंथरूण टाकावं तर माळावरचा गार वारा आणि यांची छाती. आत घालावं तर पाय यमाकडे. काहीच ठरेना, म्हणून दुपारची भांडी घासायला घेतली. बाईमाणसाला काही ठरेनासं झालं की ती भांडी घासते.

पहिलं ताट धुतलं. पाणी घटाघट गेलं. मला वाटलं, भास झाला. दुसरं धुतलं, तेही गेलं, खाली टाकीत पडल्याचा आवाज आला. मग मी अख्खी कळशी उचलली आणि मोरीत ओतली. ती मोरी कधी इतकी प्यालेली मी पाहिली नव्हती.

मी खाली उतरले आणि लांब जाऊन गाडीकडे पाहिलं. चढावर तिचं नाक वर होतं, पाठ खाली. पाइप नाकाकडून पाठीकडे जातो. पाठ खाली असेल तर पाणी जाणार, पाठ वर असेल तर कसं जाणार? आर्णीपासून हा मुलूख उत्तरेला चढत आला होता आणि प्रत्येक मुक्कामी मी गाडी फिरवून तिचं नाक उताराकडे करत होते. यवतमाळनंतर उतार स्वतःच दक्षिणेकडे होता. रहीमभाईंच्या खड्ड्यावर जमीन सपाट, म्हणून तिथे पाणी जायचं. पाइपात दोष नव्हता आणि पैनगंगेच्या पाण्यातही नव्हता. मोरी मीच तुंबवत होते, रोज संध्याकाळी, सूर्याकडे बघून, "बास" म्हणून.

आणि आता मोरी वाहत होती, कारण आज रात्री यांचे पाय दक्षिणेला होणार होते.

मी तिथेच एका दगडावर बसले. हे खाटेवर नायकांचं बोलणं ऐकत होते, हसत होते. हाक मारली असती तर धावत आले असते. मी हाक मारली नाही. मला घर हवं होतं, आणि मला भीती वाटत होती. इतकी भीती मला डॉक्टरांनी मान हलवली तेव्हाही वाटली नव्हती, कारण तेव्हा ठरवायचं माझ्या हातात काही नव्हतं.

"काहून बसली वं, बाई?" नायकांची आई माझ्यापाशी आली. तांडा तिला धानी याडी म्हणायचा. याडी म्हणजे आई. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, ओढणीला आरशाचे तुकडे. मावळतीचं ऊन त्या आरशांतून माझ्या लुगड्यावर हलत होतं. मग ती सरळ गाडीच्या पायरीवर चढली आणि आत पाहू लागली. स्टोव्ह पाहिला, डबे पाहिले, पदर नीट करून देवघरापुढे हात जोडले.

"देव चालते हायेत तं तुमचे," ती म्हणाली.

"चालते कुठले," मी म्हटलं. "भिंतीत बसवलेत. एकदा बसवलेले देव हलवायचे नसतात." आणि मग कसं कोण जाणे, मी तिला सगळं सांगितलं. मोरी, उतार, देवांकडे पाय, यमाकडे पाय, यांचं दुखणं, कंत्राटदार. तिला किती कळलं कोण जाणे. ती पायरीवर बसून ऐकत राहिली.

"आमची देवी बैलावर राये," ती सावकाश म्हणाली. "माह्या सासऱ्याच्या वक्ती. देवीचा येक बैल असे, त्याच्यावर कायबी लादाचं नाई, निस्ती देवी. तो पुढं चाले, बाकीचे मागं. तो जिथं बसला तिथं तांडा उतरे. तो जिकडं तोंड करून बसला तिकडं देवीचं तोंड."

"आणि तो चुकीच्या दिशेला तोंड करून बसला तर?"

तिला प्रश्न समजला नाही. मी पुन्हा विचारला. 

"देवी त्याच्यावर हाय," ती म्हणाली. "मंग चुकीची दिशा कोणती?"

ती उठून आपल्या चुलीकडे गेली. जाताना बाटी खायला या म्हणाली. बाटी म्हणजे त्यांची भाकरी.

मी आत गेले. हात धुतले. पाणी वाहून गेलं. मग देवघरासमोर बसले आणि सासूबाईंची मनात माफी मागून आधी बाळकृष्ण उचलला. तो हाताला गार लागला, आणि काहीच झालं नाही. अन्नपूर्णा उचलली, टाक उचलला. साखरेचा डबा रिकामा केला, त्यात माझा जरीकाठी खण अंथरला, देव त्यात ठेवले आणि डबा खोलीच्या मागच्या टोकाला फळीवर मांडला. दिवा लावला. अंथरूण उलटं केलं, उशा मागे नेल्या. आता डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला, देव उशाशी. गाडी मात्र होती तिथेच, नाक वर करून.

मग मी यांना हाक मारली.

हे आत आले आणि दारातच थांबले. रिकाम्या देवघराकडे पाहिलं, मग उशांकडे, मग डब्याकडे. "हे काय केलंस?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, घाबरून. देव मी हलवले आहेत म्हणजे काहीतरी मोठं घडलं आहे, एवढं ते मला ओळखतात.

मी सांगितलं.  "मोरी मी तुंबवत होते. तुमचे पाय दक्षिणेला होऊ नयेत म्हणून. मला तुमच्या जिवाची भीती वाटते हो. अजून वाटते."

त्यांनी कळशी घेतली आणि मोरीत पाणी ओतलं. मग खाली उतरले, टाकीपाशी वाकून म्हणाले, "आणखी ओत." मी ओतलं. खालून त्यांचा आवाज आला, "आणखी." शेवटी प्यायचं पाणी संपलं आणि नायकांकडून घागर मागून आणावी लागली.

वर आल्यावर ते माझ्याशेजारी टेकले. "त्या वेळी खाट तू फिरवलीस ते मला माहीत होतं," ते म्हणाले. "मी जागा होतो. तुला ओढताना पाहत होतो. वाटलं, ही एवढी ओढतेय तर आपण जाऊन कसं चालेल."

बाहेर बाटी तयार झाल्याची हाक आली. आम्ही लसणाच्या लाल चटणीशी त्या जाड भाकरी खाल्ल्या. तांड्यातल्या बायका गाडीत येऊन मोरीत पाणी ओतून बघून गेल्या. सगळ्यांना ते फारच आवडलं.

पांढरकवडा

पांढरकवड्याला नागपूरहून हैदराबादकडे जाणारे ट्रक ओळीने उभे असतात. त्यांच्या गर्दीपासून जरा दूर, एका निंबाखाली आम्ही थांबलो. या वेळी मी खाली उतरले ती पाण्याचा लोटा घेऊन. जमिनीवर पाणी ओतलं, कुठे वाहतं ते पाहिलं, आणि गाडीची पाठ तिकडे करायला सांगितली. देवांचा डबा कुठल्या टोकाला ठेवायचा ते नंतर पाहिलं. उन्हात घातलेली गादी दुपारपर्यंत कोरडी खडखडीत झाली.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदार सकाळीच आले. यांनी त्यांना मोरी दाखवली, पाणी ओतून दाखवलं, टाकी दाखवली, उताराचं सगळं गणित समजावून सांगितलं. विकायची नसलेली वस्तू इतक्या हौसेने दाखवणारा माणूस मी पाहिला नाही.

"मस्त जाऊन राह्यलं पाणी," कंत्राटदार म्हणाले. "ठरल्यापरमानं गाडी तुमची, मास्तर, हे खरं. पन आता तं मले अजूनच पाह्यजे. पाहा. आजच तुमाले माह्या जीपनं वर्ध्याच्या टेसनावर सोडतो. परवा तुमी आपल्या घरी."

घरी म्हटल्यावर यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. त्यांना घर आठवत होतं, भाऊ आठवत होते, शाळा आठवत होती. मला ते आठवत नव्हतं, हे मी इथे लिहून टाकते. यांनी एकदा त्या ट्रकांकडे पाहिलं.

"हिला विचारा," ते म्हणाले. "घर हिचं आहे."

कंत्राटदारांनी बहुधा आयुष्यात कुठल्या बाईला असा प्रश्न विचारला नसावा. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे न पाहता, स्टोव्हकडे पाहून म्हणाले, "बाई, घर द्याचं काय?"

इतक्या वर्षांच्या संसारात घराबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. खोल्यांची वाटणी झाली तेव्हा नाही, परसातली भिंत पाडली तेव्हा नाही. मी यांच्याकडे पाहिलं. हे निंबाच्या शेंड्याकडे बघत होते, मदत करायचा विचार नव्हता त्यांचा.

"नाही द्यायचं," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. पलीकडच्या ट्रकवाल्याने वळून पाहिलं.

कंत्राटदारांनी मान डोलावली आणि पायरीकडे वळले. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा, चहा घेऊन जा. आमच्या घरून कुणी तसं जात नाही."